युनिव्हर्सिटी कॅम्पसमधली बघण्यासारखी इमारत? पुण्याची आयुका, आणि काळ्या दगडाला उदास म्हणू नका

प्रश्न: नाशिकला राहतो, मुलगी बारावीला आहे, आर्किटेक्चर करायचं म्हणतेय. एखाद्या युनिव्हर्सिटीच्या आवारातली चांगली इमारत दाखवायची आहे. सगळे पुण्याची आयुका (पुणे विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संस्था) सांगतात, पण फोटोत नुसता काळा दगड दिसतो, उदास वाटतं. तेवढ्यासाठी जावं का?

उत्तर:

जा. आणि उदास हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर मी इथे फारसं लिहीत नाही.

माझे वडील, अण्णा, दगडाचं काम करायचे. पंचवटीत आमचं घर आहे, त्याची दर्शनी आणि मागची अशा दोन्ही भिंती त्यांनी स्वतः घडवलेल्या, एकेक दगड छन्नीने. 1998 साली माझं डिग्री सर्टिफिकेटचं काम होतं पुणे विद्यापीठात (आपली कॉलेजं त्यांच्याकडेच), तर अण्णा म्हणाले मीपण येतो, विद्यापीठ कसं असतं बघू दे एकदा. सकाळची एसटी धरून शिवाजीनगरला उतरलो. फॉर्म दिला, म्हणाले दुपारनंतर या. आता तीन तास काय करायचं, म्हणून त्यांना मुख्य इमारत दाखवली, पूर्वी गव्हर्नरचा बंगला होता ती, मनोऱ्यावाली. त्यांनी मान वर करून बघितलं, छान आहे म्हणाले आणि पुढे चालायला लागले. फिरत फिरत आयुकापाशी आलो आणि तिथे मात्र अण्णा थांबले ते थांबलेच.

पहिली गोष्ट त्यांनी काय केली तर भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग पूर्ण तळवा टेकवून उभे राहिले. म्हणाले, हा आपलाच दगड रे. वॉचमनने विचारलं काय पाहिजे, तर अण्णा म्हणाले मी पाथरवट आहे, नाशिकहून आलोय, एवढी भिंत बघू द्या. त्या भल्या माणसाने आम्हाला आत मधल्या चौकापर्यंत नेलं.

भिंत नीट बघा म्हणजे कळेल. काळा एक नाहीये, तीन आहेत. खाली इथलाच बेसॉल्ट, खरबरीत, प्रकाश पिणारा. त्याच्यावर कडप्पा, आपल्या ओट्याला असतो तो, आणखी काळा. आणि सगळ्यात वर पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात चक्क आभाळ आणि ढग दिसतात. म्हणजे भिंत वर जाता जाता आकाशात मिसळते. खगोलशास्त्राची संस्था, अंतराळाचा काळोख, आणि तो दाखवला कशाने तर आपल्या पायाखालच्या दगडाने. चार्ल्स कोरियांचं डिझाइन आहे. संस्था 1988 ची, जयंत नारळीकर पहिले संचालक. अण्णांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण खालचा दगड रांगडा ठेवलाय आणि वर आरसा केलाय, मुद्दाम केलंय हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

मधला चौक म्हणजे कुंड आहे. अण्णा बघताक्षणी म्हणाले, रामकुंडासारखं, फक्त पाणी नाही. पायऱ्या उतरत जातात आणि मधून दगडांच्या रेषा बाहेर फाकत जातात, विश्व पसरतंय तसं. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत तिथे. मुलगी ते बघेलच, पण तिला पायऱ्यांवर बसवा थोडा वेळ, घाई करू नका.

आता उदासचं. 2011 ला घराची डागडुजी काढली तेव्हा माझ्या मोठ्या भावाने दर्शनी भिंतीवर टाइल्स लावल्या. त्याचं म्हणणं, काळी भिंत सुतकातल्यासारखी दिसते, पाहुणे काय म्हणतील. मी भांडलो, आयुकाचं सांगितलं, काळारामाचं सांगितलं की बाबा आख्खं देऊळ काळ्या दगडात आहे आणि गावोगावचे लोक बघायला येतात, तिथे कुणाला सुतक आठवत नाही. तो म्हणाला देऊळ वेगळं, घर वेगळं. अण्णा काहीच बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून बसायची खुर्ची मागच्या अंगणात नेली त्यांनी, शेवटपर्यंत तिथेच बसायचे. नीट घडवलेला, सांधे भरलेला दगड दीडशे-दोनशे वर्षं काही मागत नाही, रंग नाही, प्लास्टर नाही. मुलीला आर्किटेक्ट करताय ना, तर हे आधी शिकवा, कॉलेजात नंतर शिकवतील.

जाताना सिन्नरला गोंदेश्वराला थांबा, वाटेतच आहे. यादवांच्या काळातलं, भूमिज शैलीचं (म्हणजे शिखरावर लहान लहान शिखरांच्या रांगा), मधे शंकर आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळं. तोच दगड. सकाळी गोंदेश्वर आणि दुपारी आयुका असं एका दिवसात बघितलं तर तिला जे कळेल ते फोटोतून कळणार नाही.

हां, एक राहिलं. आयुका ही रिसर्च संस्था आहे, कधीही गेलात आणि आत सोडलं असं होत नाही, आमचं नशीब होतं. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला लोकांसाठी कार्यक्रम असतो, तेव्हा जमलं तर बरं, नाहीतर आधी विचारून जा. आणि एंट्रन्स, फी, कुठलं कॉलेज यातलं मला काही कळत नाही, ते दुसऱ्या कुणाला विचारा.

दादा, तू हे वाचत असशील तर मागची भिंत अजून शाबूत आहे. तिला हात लावायचा नाही.