सगळ्यांना ॲडमिन करू नका

कामं आपोआप करून घेणाऱ्या ऑटोमेशन टूलवर तुमच्या टीममध्ये आठ जण आणि आठही ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेले, असं तुम्ही लिहिलंत, ते वाचूनच धस्स झालं. काम अडू नये म्हणून केलंत, कळतं. पण ॲडमिन दोनच ठेवा. एकच नको, तो रजेवर गेला की सगळं ठप्प.

बाकीच्यांना कामापुरतेच अधिकार द्या. कालचं आपोआप होणारं काम (रन) फेल झालं का एवढंच ज्याला बघायचंय, त्याला व्ह्यूअर, म्हणजे फक्त बघण्याचा रोल पुरे.

खरी गोम क्रेडेन्शियलमध्ये, म्हणजे टूलमध्ये साठवलेल्या पासवर्ड-कीमध्ये आहे. एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणारी गुप्त किल्ली) स्क्रीनवर दिसत नाही म्हणून नवखे निर्धास्त राहतात. दिसत नसली तरी वापरता येते ना! एनएटएन (n8n) या ऑटोमेशन टूलमध्ये वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, कुणाला एडिटर (बदल करू शकणारा) म्हणून शेअर केलात, तर त्यातली क्रेडेन्शियल वेगळी शेअर न करताही समोरच्याला त्या वर्कफ्लोत वापरता येतात. मेल पाठवणाऱ्या नोडमधला (वर्कफ्लोतल्या पायरीतला) पत्ता बदलायला कितीसा वेळ लागतो?

आणि कनेक्शन कुणाच्या वैयक्तिक खात्यावर जोडू नका. मी ही चूक केलीय. सहकारी नोकरी सोडून गेला, त्याचं खातं बंद झालं आणि शुक्रवारी रात्री बिलांचा फ्लो गपचूप थांबला. कळलं सोमवारी. त्यानंतर सगळं सर्व्हिस अकाउंटवर, म्हणजे कुणा एका माणसाचं नसलेल्या, फक्त अशा कामांसाठीच्या खात्यावर हलवलं.

रोल ठरवून झाले की एक टेस्ट युजर तयार करा, त्याला व्ह्यूअर करा आणि त्याच्या खात्यातून स्वतः लॉगिन करून चालू वर्कफ्लो बंद करून बघा. बंद झाला, तर सेटिंग पुन्हा उघडा.