लिव्हर सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होत जाण्याच्या आजारात, बसल्याबसल्याही नाडी जलद का चालते? हृदयावरचं नसांचं नियंत्रण बिघडतं का?

हो, बिघडतं: सिरॉसिसमध्ये हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसा सतत उत्तेजित राहतात आणि वेग आवरणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव कमी होतो. यकृतात अडथळा येऊन पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढला, की नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांमुळे पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. रक्त तिथेच साठतं, आणि शरीरात एकूण रक्त भरपूर असूनही धमन्यांतल्या दाब ओळखणाऱ्या नसांना ते कमी पडल्यासारखं जाणवतं. मग सिंपथेटिक नसांचं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे वेग वाढवणारं द्रव्य वाढतं, नाडी पळते. पण या सततच्या माऱ्याने हृदयातले बीटा रिसेप्टर, म्हणजे हा संदेश टिपणारे ग्राहक, बोथट होतात. म्हणून जिना चढताना किंवा रक्तस्राव झाल्यावर, म्हणजे खऱ्या गरजेच्या वेळी, नाडी हवी तेवढी वाढत नाही. मला हेच सगळ्यात काळजीचं वाटतं, कारण आराम करताना केलेल्या तपासणीत ते सहसा दिसत नाही. ईसीजीवर क्यूटी अंतरही (एका ठोक्यात हृदय विद्युतदृष्ट्या उत्तेजित होऊन पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) अनेकदा लांबतं आणि काही औषधं ते आणखी लांबवतात, त्यामुळे कुठलंही नवं औषध घेण्याआधी डॉक्टरांना यकृताचा आजार आवर्जून सांगा. मात्र मधुमेह आणि दीर्घकाळची दारूसुद्धा या नसांना स्वतंत्रपणे इजा करतात; रुग्णाला त्यातलं काही असेल तर सगळा दोष यकृतावर टाकता येणार नाही.