हिमोढ : ओढलेला की वाहिलेला?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. भूगोलात 'हिमोढ' असा शब्द आलाय. क्लासच्या सरांनी सांगितलं, "हिमनग दगडगोटे ओढत आणतो, म्हणून हिमोढ." हे बरोबर आहे का? आणि तो हिमोढ म्हणायचं की ते हिमोढ?
— एक पालक, इंदिरानगर, नाशिक

ताई, सरांच्या एका वाक्यात दोन चुका आहेत. तुम्ही दुसरीबद्दल विचारलंय, पण मला राग पहिलीचा जास्त येतो, म्हणून आधी ती.

दगडगोटे हिमनग आणत नाही, हिमनदी आणते. हिमनग म्हणजे टायटॅनिक ज्याला धडकली तो, पाण्यावर तरंगणारा बर्फाचा डोंगर. हिमनदी समुद्राला भिडली आणि तिचं तोंड तुटून पाण्यात पडलं की त्या तुकड्याला हिमनग म्हणायचं. गंगोत्री ही हिमनदी, सियाचीन ही हिमनदी. तरी उत्तराखंडात काही झालं की वाहिन्यांवर 'हिमनग फुटला' सुरू होतं. अहो, डोंगरउतारावर तो तरंगणार कशावर? गंमत म्हणजे 'नग' याचा अर्थच मुळी 'न गच्छति', जो जागचा हलत नाही तो. इंग्रजी आइसबर्गमधला 'बर्ग' म्हणजे डोंगर, तो आपण नग करून घेतला आणि समुद्रभर हिंडणाऱ्या वस्तूला 'न हलणारा' असं नाव देऊन बसलो. आता ते रुळलंय, राहू द्या. पण ते हिमनदीला कशाला चिकटवता?

'हिमकडा' या शब्दावरही मी बराच काळ डाफरत असे. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत ऋषीगंगेला लोंढा आला तेव्हा मराठी पेपरांनी 'हिमकडा कोसळला' छापलं आणि मी लाल पेन काढलं. नंतर अभ्यासकांनी शोधलं तर रोंटी शिखराच्या उत्तर अंगाचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर कडाच सुटून खाली आला होता, त्यात ८० टक्के खडक आणि बाकी बर्फ. म्हणजे त्या दिवसापुरता 'हिमकडा' हा शब्द चोख होता. मी पेन मिटलं. पण तेव्हापासून दिसेल त्या हिमनदीला हिमकडा म्हणायची जी टूम निघालीय, तिला माझी माफी नाही.

आता हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग. हा शब्द पाठ्यपुस्तकातल्या संस्कृतप्रचुर शब्दांच्या रांगेत असा कोपऱ्यात बसलेला असतो की त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही, आणि माझ्या मते त्या अख्ख्या धड्यातला हाच सगळ्यात देखणा शब्द आहे. फोड : हिम + ऊढ. अ आणि ऊ मिळून ओ. सरांची फोड हिम + ओढ अशी आहे. ती खरी असती तर अ आणि ओ मिळून औ झाला असता. वन + ओषधी याचं वनौषधी होतं, तसं 'हिमौढ' झालं असतं. तसं पुस्तकात आहे का? नाही. प्रकरण इथेच मिटतं, पण मला मिटवायचं नाहीये.

ऊढ हे संस्कृत 'वह्' धातूचं रूप, अर्थ 'वाहून नेलेलं'. वह् कुठे आणि ऊढ कुठे, असं वाटेल. पण वच् चं उक्त होतं ना? तसाच इथे व चा उ झाला. मग शेवटचा ह् आणि पुढचा त एकमेकांत विरघळून ढ झाला आणि विरघळताना मागचा स्वर लांबवून गेला. शेजारपाजार बघा : गुह् – गूढ, मुह् – मूढ, रुह् – रूढ. हिमोढातला ऊढ त्याच आळीत राहतो. त्याच वह् ची बाकीची मंडळी म्हणजे वाहन, प्रवाह, आपलं साधं वाहणे, आणि विवाह! पूर्वी वधूला वाहनात बसवून न्यायचे. जिला नेली ती ऊढा, अजून नेली नाही ती अनूढा, आणि नुकतीच नेलेली ती नवोढा. प्रौढ हा शब्दही प्र + ऊढ, पुढे नेलेला, वाढलेला. (नियमाने तो 'प्रोढ' व्हायला हवा होता, त्या एका औ साठी वार्तिककारांना, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना पुरवण्या जोडणाऱ्यांना, खास तरतूद करावी लागली. ते पुन्हा कधीतरी.) म्हणजे नवोढा आणि हिमोढ सख्ख्या नात्यातले. हिमनदीने माहेरच्या कड्यावरून उचलून परक्या गावी नेऊन उतरवलेला दगड तो हिमोढातला. स्वित्झर्लंडच्या कडेचा युरा डोंगर चुनखडीचा आहे, आणि त्याच्या अंगावर न्यूशाटेल गावाजवळ ग्रॅनाइटचे घराएवढे धोंडे बसलेत. त्यांचं माहेर माँ ब्लांच्या बाजूचं, शंभराहून जास्त किलोमीटर लांब. हिमयुगातल्या बर्फाने त्यांना तिथवर आणलं आणि बर्फ निघून गेला. फ्रेंचांनी यासाठी सॅव्हॉयच्या शेतकऱ्यांचा 'मोरेन' हा मातीच्या उंचवट्याचा शब्द उचलला. ठीक आहे, पण त्यात नवरी नाही.

ओढणं आणि वाहणं यांतला फरक व्याकरणापुरता नाही, हिमनदीच्या वागण्यातलाच आहे. उंचावर दरवर्षी जितका बर्फ पडतो तितका उन्हाळ्यात वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, त्यावर त्याच्या पुढचा. भुसभुशीत बर्फात मुख्यतः हवाच असते. वरच्या वजनाने ती पिळून निघत जाते, कणाला कण चिकटतो. उन्हाळा काढलेल्या अशा जुन्या बर्फाला आल्प्समधले जर्मनभाषक 'फिर्न' म्हणतात, म्हणजे जुना, मागल्या सालचा. आपल्याकडे यासाठी कुणी काही जडजंबाल संस्कृत घडवायच्या आत मी सुचवून ठेवतो : गुदस्ता बर्फ. 'गुदस्ता पाऊस बरा होता' असं म्हणणारे निफाड-दिंडोरीकडचे म्हातारे अजून आहेत तोवर हा शब्द वापरून घ्या. त्याच्याखालचा तो तिगस्ता. त्याहून खाली, हवेच्या वाटा बंद झाल्या की निळसर, घट्ट, खरा हिमनदीचा बर्फ.

हा थर तीस-पन्नास मीटर जाड झाला की स्वतःच्याच भाराने आतल्या आत सरकायला लागतो. घन असूनही वाहतो. तळाशी पाणी सुटलं असेल तर सगळा लगदाच खडकावरून घसरतो. पृष्ठभागाला तेवढं लवचीक होता येत नाही, म्हणून तिथे खोल भेगा पडतात. वेग बहुतेक ठिकाणी दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर मीटरभर. १८२७ साली हुगी नावाच्या एका स्विस गृहस्थाने उंटरआर हिमनदीवर दगडी आडोसा बांधला. डझनभर वर्षांनी हिमनद्यांचा अभ्यासक अगासी तिथे पोचला तेव्हा तो आडोसा सुमारे १४०० मीटर खाली गेलेला होता. नदी या शब्दाबद्दल ज्यांना शंका आहे त्यांनी या आडोशाचा विचार करावा. हिमनदीला 'हिमानी' हा पर्याय रेटणारे आमचे शुद्धिवादी मित्रही करोत. हिमानी म्हणजे मोठा बर्फ, अरण्यानी म्हणजे मोठं अरण्य, तसं. शब्द सुरेख, पण तो जागचा हलत नाही.

जाताना ही नदी दगड तीन ठिकाणी घेते : कड्यावरून पडलेले अंगावर, भेगांत गेलेले पोटात, आणि तळाशी खडकाच्या फटीत पाणी गोठवून उपटलेले पायाखाली. पायाखालचे तेवढे घासत जातात, सुताराच्या पॉलिशपेपरसारखे, आणि दरीला तासून यू आकाराची करतात. बाकीचे चक्क बसून प्रवास करतात. बसून जाणाऱ्याला ओढलेला कसं म्हणायचं?

एका परिभाषाकाराने 'हिमोढ नको, अवघड आहे, हिमगाळ म्हणा' असा फतवा काढल्याचं मी वाचलं. त्यांनी एकदा पूर ओसरल्यावर नाशकात रामकुंडावर यावं. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत गंगा, म्हणजे आमची गोदावरी, चढून गेली की मागे पायऱ्यांवर जो राहतो त्याला गाळ म्हणतात. मऊ, एकसारखा, पायाला लिबलिबीत लागणारा. मोठे धोंडे तिने वरच टाकलेले असतात, मग गोटे, मग वाळू, आणि शेवटी हा. पाणी निवडून निवडून टाकतं. बर्फाला चाळणी नसते. हत्तीएवढा दगड आणि पिठासारखी भुकटी तो एकाच ढिगात ओततो. या निवड न करण्यावरूनच तर भूवैज्ञानिक हिमोढ ओळखतात, आणि हे महाशय त्याला गाळ म्हणा म्हणतात!

आता माझं एक लाडकं मत. ते सिद्ध झालेलं नाही, हे आधीच सांगतो, आणि तरीही ते बरोबर आहे असं मला वाटतं. मराठीतलं 'ओढणे' आणि 'ओढा' हेही याच ऊढ च्या घरचे असावेत. अव म्हणजे खाली. अव + ऊढ म्हणजे अवोढ, खाली वाहून नेलेलं. 'अव'चा मराठीत 'ओ' होतोच : लवणाचं लोण, नवनीताचं लोणी. मग अवोढाचा ओढ का होऊ नये? डोंगरावरून सगळं खाली वाहून आणणारा तो ओढा. जोराने आपल्याकडे आणणं ते ओढणं. (ओढणीला यात आणू नका. ती पांघरायची, हिंदीकडून आलेली. तिचं बिऱ्हाड वेगळं.) सावानाच्या, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, दारात हे मी एका ज्येष्ठ कोशप्रेमींना ऐकवलं. ते म्हणाले, 'ओढणे' देशी आहे आणि तुमची व्युत्पत्ती ओढूनताणून आहे. मी म्हटलं, शब्द तरी माझ्या बाजूचाच निवडलात. ते रागावले. देशी म्हणजे काय, तर ज्याचं मूळ आम्हाला सापडलं नाही ते. हा शिक्का मारला की शोध बंद. कोशांतल्या निम्म्या 'दे.' खाली कुणीतरी कंटाळून पेन ठेवलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं खरं ठरलं तर सरांचा 'ओढ' आणि माझा 'ऊढ' चुलतभाऊ निघतील, हे मला कळतं. निघोत. सरांची संधी तरी चुकलेलीच राहते.

मागे अंजनेरीच्या पायथ्याला दगडांचा खच दाखवून एकाने मला विचारलं होतं, हा हिमोढ का? नव्हे. ते वरच्या कड्याचेच सुटलेले तुकडे, काळा बसाल्ट, घरातल्या घरात पडलेले. आपल्या नाशकातल्या दऱ्या पाण्याने कापल्यात. निफाडला पारा कितीही उतरला तरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, हिमनदी येत नाही. पण महाराष्ट्रात अस्सल हिमोढ बघायचाच असेल तर मुलीला चंद्रपूरकडे न्या. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि विदर्भावर बर्फ होता. १८५६ साली ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधूंनी बारीक मातीत रुतलेले मोठाले धोंडे पाहिले आणि हे बर्फाचं काम म्हणून ओळखलं. तोच थर चंद्रपूरजवळ पैनगंगेकाठी इरईला उघडा पडलाय, आणि त्याच्या खालच्या चुनखडीवर तळाच्या दगडांनी काढलेले ओरखडे अजून दिसतात, एकाच दिशेचे, समांतर. त्या पायाखालच्या दगडांपुरतं सरांचं 'ओढत' मी मान्य करतो.

पार्श्व, मध्य, भू, अंत्य हे हिमोढाचे प्रकार पुस्तकात आहेत, तिथेच वाचा. त्याच धड्यातली 'मेषशिला', म्हणजे हिमनदीने घासून गोलसर केलेला खडक, मात्र जपून वापरा. मूळ फ्रेंच शब्द देणाऱ्या सोस्यूर या आल्प्सच्या अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे एक मेंढी नव्हती. गोल गोल टेंगळांची रांग लोकरीच्या दाट कुरळ्यांसारखी, त्या काळच्या केसांच्या टोपासारखी दिसते, असं त्याला म्हणायचं होतं. आपण त्याची लोकर टाकून अख्खी मेंढी आणली.

लिंगाचं राहिलंच की. तो हिमोढ. हिमोढाचा, हिमोढावर, अनेकवचनातही हिमोढच. 'ते हिमोढ' कुणी म्हटलं तर संस्कृतच्या बाजूने त्याला आधार सापडेल, पण मराठी कानाला अ-कारान्त ढ पुल्लिंगीच बरा वाटतो. उत्तरपत्रिकेत मुलीने काहीही लिहिलं तरी चालेल. 'हिमनग दगड आणतो' एवढं मात्र वहीतून खोडायला सांगा, शाईने.