कृषी सल्ला : भिजलेला मका म्हशीला घालायचा का?

नमस्कार मंडळी. काढणीच्या वेळच्या पावसानंतर इंदूरजवळच्या देपालपूर, सांवेर, महू या पट्ट्यातून जे प्रश्न आले, त्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आहे. देपालपूरकडचे एक काका लिहितात : "साहेब, तोडलेली कणसं ढिगातच भिजली. मळणी केली तर दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी. मंडीत कोणी भाव करेना. भरडून म्हशींना थोडा थोडा घालून संपवला तर चालेल ना?"

नाही, काका. थोडा थोडाही नाही, आणि दुभत्या जनावराला तर मुळीच नाही. का ते सविस्तर सांगतो, कारण अनेक घरांत आज हाच विचार चालू असणार.

ही हिरवट-पिवळी बुरशी बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस फ्लेवस असते. ती मातीतच असते. ओल आणि 25 ते 35 अंशांची ऊब मिळाली की दाण्यात शिरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. वरची बुरशी झटकली, दाणे धुतले, पुन्हा उन्हात घातले, तरी विष आत राहतं. घरच्या भाजण्या-उकळण्याने ते संपत नाही. म्हशीने तो भरडा खाल्ला की यकृतात विषाचं रूप बदलतं आणि एम-1 या रूपात ते दुधात उतरतं. आज खाल्लेलं उद्याच्या धारेत सापडतं. दूध उकळून ते जात नाही. पनीर केलं तर ते प्रथिनाला धरून राहतं आणि किलोमागे त्याचं प्रमाण आणखी वाढतं. यकृताच्या कर्करोगाशी या विषाचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे, आणि वजनाच्या मानाने सर्वांत जास्त दूध पितात ती आपली लहान मुलं.

हे लांबच्या मुलखातलं नाही. 1974 साली झाबुआ-रतलामला लागून असलेल्या बांसवाडा आणि पंचमहाल जिल्ह्यांत काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका लोकांनी तसाच साठवला आणि त्याच्याच भाकरी खाल्ल्या. 397 माणसं कावीळ आणि पोटात पाणी होऊन आजारी पडली, त्यांतली 106 दगावली. घरचं अन्न खाणारी गावातली कुत्रीसुद्धा मेली. तो मका विकत आणलेला नव्हता, घरच्याच शेतातला होता.

चांगल्या मक्यात मिसळून खपवण्याचा विचारही सोडा. हे विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. एक कणीस गच्च भरलेलं, शेजारचं स्वच्छ. मिसळलं की चांगला मालही हातचा गेला.

मग करायचं काय? बुरशी दिसते तो माल वेगळा काढून गोठ्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरा. कोंबड्यांनाही टाकू नका. उरलेला माल उफणून घ्या. हलके, फुटके, किडलेले, रंग गेलेले दाणे बाजूला काढा, कारण विषाचा बराचसा भाग त्यांतच असतो. राहिलेला मका ताडपत्रीवर वाळवा, उघड्या मातीवर नको.

वाळला की नाही हे दाताखाली दाणा फोडून पाहण्यापेक्षा एक सोपी परीक्षा सांगतो. काचेची कोरडी बाटली घ्या. तिच्यात पाव बाटली मका आणि दोन-तीन चमचे खडखडीत कोरडं बारीक मीठ घाला. झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी लगेच पोती भरू नका. साठवणीला ओल 12 टक्क्यांच्या आसपास हवी, म्हणून आणखी एक-दोन कडक उन्हं द्या. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

ज्यांनी आधीच असा भरडा घातला आहे, त्यांनी आजच बंद करा. खाणं बदललं की तीन-चार दिवसांत दुधातलं एम-1 बहुतेक उतरतं. तेवढे दिवस ते दूध मुलांना देऊ नका, डेअरीतही घालू नका. नुकसान होतं, मला कळतं. तरी द्यायचं नाही.

महूजवळच्या एक ताई विचारतात, इथेनॉलच्या कारखान्यातून निघणारं डीडीजीएस, म्हणजे मक्याचा वाळवलेला चोथा, ढेपेपेक्षा स्वस्त मिळतंय, घ्यावं का? ताई, इथे हिशोब नीट समजून घ्या. मक्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग पिठूळ. त्याची दारू होऊन जाते आणि उरतो एक तृतीयांश. विष मात्र जात नाही, त्या उरलेल्या भागात ते साधारण तिप्पट दाट होतं. खराब मका तिकडेच खपवायची सवय पडली, तर तो आपल्याच गोठ्यात परत येईल. तपासणीचा दाखला असेल तरच घ्या. पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 ची, म्हणजे दाण्यातल्या मूळ विषाची, मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम आहे, दाखल्यावर तो आकडा बघा. आपल्या माळव्यात सोयाबीनची पेंड असताना केवळ स्वस्त म्हणून या मालामागे जाणं मला पटत नाही.

दुधातली भेसळ हा सगळ्यांच्या तोंडचा विषय. पण 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी घातक भेसळ 12 नमुन्यांत निघाली, आणि एम-1 मर्यादेबाहेर 368 नमुन्यांत. ती मर्यादा आहे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. म्हणून माझं लक्ष दूधवाल्याच्या कॅनपेक्षा आपल्या खळ्यावर जास्त आहे.

त्याच सर्वेक्षणात 77 नमुन्यांत प्रतिजैविकं सापडली. यावर सांवेरच्या एका दादांचा प्रश्न आहे : कासदाहाला एका सडात ट्यूब लावली, बाकी तीन सडांचं दूध घालू का? नाही. औषध रक्तातून चारही सडांत पोचतं. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस दूध बंद. काहीच लिहिलं नसेल तर नियमाप्रमाणे किमान सात दिवस. विरजण लागेनासं झालं तर दुधात औषध असल्याची शंका जरूर घ्या. ते दूध वासरालाही पाजू नका, त्याच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. आणि कोलिस्टिन हे औषध 2019 पासून अन्नासाठीच्या जनावरांत बंद आहे, कोणी गुपचूप दिलं तरी घेऊ नका.

शेवटचा प्रश्न कान्ह नदीकाठचा. इंदूर शहराच्या सांडपाण्यावर पालक, मेथी, कोथिंबीर घ्यावी का? घेऊ नये. जंतू शिजवून मरतील, पण कोथिंबीर कच्चीच खातात, आणि कॅडमियमसारखा धातू पालकाच्या पानात साठतो, तो धुऊन किंवा शिजवून जात नाही. दुसरं पाणीच नसेल तर तिथे झेंडू लावा. भाजी घ्यायचीच तर विहिरीच्या पाण्यावर घ्या, आणि जुड्या नाल्यात बुचकळून ताज्या दाखवू नका, त्याही विहिरीच्याच पाण्याने धुवा.