मुदतीचा अर्ज देण्याआधी

तुमचा घटस्फोटाचा दावा शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात चालू आहे, ऑक्टोबरात तुमचा उलटतपास लागलाय, आणि सप्टेंबरात मुलाला घेऊन टोरांटोला नोकरीवर रुजू व्हायचंय. "तिथे बस्तान बसेपर्यंत मुदत मागू का?" म्हणजे कोर्टाची तारीख पुढे ढकलून घेऊ का, असं विचारलंत. व्हिसा, बँक, घरभाडं यांवर ढीगभर माहिती आहे, त्यात मी पडत नाही. पण या प्रश्नाने माझी झोप उडाली, म्हणून लिहायला बसले.

बस्तान बसणं हे कोर्टाच्या लेखी कारणच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १७व्या आदेशात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत, आणि वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत हे कारणही चालत नाही. प्रत्यक्षात किती तारखा पडतात ते तुम्ही तिथल्या बाकावर बसून पाहिलंच असेल. तरी सवलतीवर विसंबू नका. दावा तुमचा आहे. तुम्ही गैरहजर राहिलात आणि कोर्टाने तो काढून टाकला, तर पुन्हा सुनावणीच्या यादीवर आणायला अर्ज, कारणं, वर कॉस्ट, म्हणजे कोर्ट भरायला लावतं तो खर्च.

मुदत मागायचीच असेल तर अर्ज तारखेच्या आधी द्या, तिकीट आणि नेमणूकपत्र जोडा, समोरच्या वकिलांना प्रत द्या. पण माझं ऐकाल तर उलट अर्ज करा: जाण्याआधी उलटतपास घ्यावा म्हणून तारीख अलीकडे मागा. व्हिडिओवर साक्ष मागता येते, पण समोरचे हरकत घेतात, कागद दाखवताना खोळंबा होतो. शिवाय पुण्यातले सकाळचे अकरा म्हणजे तुमच्याकडे ऑक्टोबरात रात्रीचा दीड. पुकारा कधी होईल याचा नेम नाही आणि सकाळी ऑफिस असतंच.

"बाबांना कुलमुखत्यारपत्र देते" म्हणाल. द्या. ते अर्ज देतील, तारखेला उभे राहतील. पण तुमच्या संसारात काय घडलं याची साक्ष ते तुमच्या जागी देऊ शकत नाहीत. परस्पर संमतीचा दावा असता तर गोष्ट वेगळी. तिथे आईवडील किंवा भावंडाने उभं राहणं, व्हिडिओवर हजेरी, हे कोर्ट मान्य करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय. परदेशातून आलेल्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अपोस्टिल म्हणजे एका सरकारी शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात खरा धरला जातो, वकिलातीत जावं लागत नाही; कॅनडा त्या करारात २०२४च्या जानेवारीत आला. मी कॅनडातून वडिलांना पाठवलेला कागद त्याआधीचा, म्हणजे वकिलातीत खेटे घालून आणलेला. तो मुद्रांकापायी परत आला तेव्हा वडील फोनवर काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

आता मुलाचं. त्याला न्यायची परवानगी आणि ताबा, दोन्हींचा लेखी आदेश हातात घेऊन निघा. माझ्याकडे परवानगी होती, ताब्याचा अर्ज मात्र मुदतींमागून मुदतींत लोंबकळत होता. शाळेने ताब्याचा कागद मागितला. माझ्याकडे होता मराठी रोजनामा, म्हणजे तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद: "पुढील तारीख". त्याचं भाषांतर मी स्वतः करून दिलं आणि ऑफिसातल्या बाईंनी ते असं धरलं की जणू वाण्याचं बिल. ऑन्टारियोत इयत्ता जन्माच्या कॅलेंडर वर्षावर ठरते. माझी मुलगी डिसेंबरची, त्यामुळे ती एकदम एक वर्ग पुढे गेली. अपूर्णांक न शिकताच अपूर्णांकांच्या पुढचं गणित. "पोरं जुळवून घेतात", म्हणाले. घेतलं तिने. माझा राग अजून गेलेला नाही.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. कामं असतात, बर्फ काढायचा असतो, निभतं.

एक गोष्ट वकिलांना कधी सांगितली नाही. मुदत मंजूर झाली की मी चिडायचे, वडिलांसमोर तर फारच. पण फोन ठेवला की हायसं वाटायचं. पुढच्या तारखेपर्यंत आपण अजून नवरा-बायको, एवढंच. त्याच्या वकिलांनी मुदत मागितली की मनात यायचं, त्यालाही असंच वाटत असेल का. विचारायची सोय नव्हती. निकाल लागून बराच काळ लोटला, अजूनही सोय नाही. तुम्हाला मुदत खरोखर नोकरीसाठीच हवीय का, ते तुमचं तुम्ही बघा. मी कोण सांगणार.

उद्याच वकिलांना फोन करा आणि ऑगस्टमधली तारीख मिळेल का विचारा. ते "बघू" म्हणाले तर अर्ज टाईप होईपर्यंत त्यांच्या ऑफिसातून उठू नका. तिकीट त्यानंतर काढा.