ओठ मिटलेले, दात सुटलेले : दात खाण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी किडक्या दाढांबद्दल लिहिताना सहज एक ओळ टाकली होती की झोपेत दात खाणाऱ्यांनी आपल्या दाढा एकदा आरशात बघून घ्या. किडक्या दाढा बाजूलाच राहिल्या, सगळे मेसेज त्या एका ओळीवर आले. त्यातले काही इथं घेतोय. नावं कुणाचीच देत नाही.

माझा मुलगा 6 वर्षांचा आहे. रात्री दात असे करकरा खातो की बाजूच्या खोलीत आवाज जातो. सासूबाई म्हणतात पोटात जंत झालेत. जंताचं औषध दोनदा दिलं, काही फरक नाही. – एक आई, धुळे

ताई, सासूबाईंना दोष नका देऊ, माझी आजीपण हेच म्हणायची, आणि आजही माझ्याकडे येणारी निम्मी आईबापं पहिलं वाक्य हेच बोलतात, "मना पोऱ्या रातभर दात खास, जंतचं औषध द्या." पण जंत आणि दात खाणं यांचा थेट संबंध काही पक्का सिद्ध झालेला नाही. जंताची गोळी द्यायची ती जंतासाठी. 2015 पासून सरकारचा जंतनाशक दिवस असतो, 10 फेब्रुवारीच्या आसपास शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, 1 ते 19 वर्षांच्या पोरांना, ती जरूर घ्या. फक्त त्याने दात खाणं थांबेल ही आशा ठेवू नका.

या वयात दात खाणं खूप कॉमन आहे. दुधाचे दात पडतायत, नवे येतायत, आणि बहुतेक पोरांचं मोठं होता होता आपोआप बंद होतं. दुधाचे दात थोडे झिजले तरी ते तसेही पडणारच आहेत. या वयात आम्ही सहसा गार्डपण (झोपताना दातांवर चढवायचं कव्हर) देत नाही, कारण जबडा वाढतोय, आज बसवलेला गार्ड काही महिन्यांत बसणारच नाही.

एकच गोष्ट मात्र नीट बघा. तो झोपल्यावर अर्धा तास त्याच्याजवळ बसा, मोबाईल बाजूला ठेवून. तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का, मान मागे ताणून झोपतो का? तसं असेल तर नाकामागच्या ग्रंथी किंवा टॉन्सिल सुजलेले असू शकतात, मग आधी कान-नाक-घशाचा डॉक्टर, दातांचा नंतर. तसं काही नसेल तर झोपायच्या तासभर आधी टीव्ही बंद, आणि त्याला सकाळी उठल्या उठल्या "रात्री परत दात खाल्लेस" म्हणून रागावू नका, त्या बिचाऱ्याला ते माहीतच नसतं.

मी सराफ बाजारात कारागीर आहे, 15 वर्षं झाली. दुपारनंतर उजव्या कानापुढे ठणकतं, कानशिलं जड होतात. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे सांगितलं. रात्री मी दात खात नाही, बायकोला विचारलं. – जळगाव

भाऊ, बायकोला विचारलंत हे चांगलं केलंत, पण तुमचा प्रश्न रात्रीचा नाहीच, दिवसाचा आहे. बारीक काम करताना, डोळ्याला भिंग लावून डाग देताना, म्हणजे दागिना जोडताना, तुमचे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नसतो. याला दात खाणं म्हणत नाहीत कारण आवाज होत नाही, घासले जात नाहीत, नुसतं आवळणं. शिवणकाम करणाऱ्या बायका, ट्रॅक्टरवाले, भुसावळचे रेल्वेगाडी चालवणारे, अभ्यासिकेत बसलेली पोरं, सगळ्यांचं हेच. मलापण आहे हो! रूट कॅनाल करताना मी पेशंटला "तोंड उघडं ठेवा" सांगतो आणि माझे स्वतःचे दात मास्कच्या आत आवळलेले असतात, हे मला असिस्टंटने सांगितलं तेव्हा कळलं.

आता हे करून बघा. दोन्ही हातांची बोटं गालावर, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याच्या जरा वर ठेवा आणि दात जोरात दाबा. बोटाखाली गोळा उठतो ना, तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर बोटं ठेवून दाबा, तिथंपण एक हलतो. दिवसभर हे दोघं ड्युटीवर असले तर संध्याकाळी दुखणारच, आणि जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असल्यामुळे ते दुखणं कानाचं वाटतं.

माणसाचे दात खरं तर दिवसभरात एकमेकांना फारच कमी वेळ टेकायला हवेत. जेवताना आणि गिळताना टेकतात ते सगळे सेकंद गोळा केले तर जेमतेम 20 मिनिटांच्या आसपास भरतात. बाकी सगळा वेळ वरच्या-खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटरची फट असते. असायला हवी. हे बहुतेकांना माहीतच नसतं, लोकांना वाटतं तोंड मिटलं म्हणजे दातपण मिटायला पाहिजेत. तर लक्षात ठेवायचं ते एवढंच, ओठ मिटलेले आणि दात सुटलेले. जमत नसेल तर मनातल्या मनात "न" म्हणा आणि जीभ जिथं टेकली तिथंच राहू द्या, वरच्या पुढच्या दातांच्या मागे. तेवढा वेळ दात सहसा सुटलेलेच राहतात.

आठवण राहत नाही ही खरी अडचण. त्यासाठी लाल टिकल्यांचं एक पाकीट आणा, एक टिकली भिंगाच्या स्टँडवर, एक मोबाईलच्या मागे, एक गाडीच्या आरशावर. टिकली दिसली की तपासायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर खांदे खाली, जबडा सैल, एक लांब श्वास सोडायचा. माझ्या एका पेशंटने, तोपण सोनारच, टिकली थेट शेगडीवर लावली होती, ती जळाली, मग घरच्या देवाच्या डबीतलं कुंकू लावलं. तीनेक आठवडे नेटाने करा. सोबत संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन गालावर 15 मिनिटं, आणि बोटांनी हलका गोल मसाज. या काळात फुटाणे, सुपारी, कडक बिबडे बंद. भरीत चालेल, कळण्याची भाकरीपण चालेल पण आमटीत कुस्करून.

मालक शेती करतात, केळी आहे. रात्री दात इतके खातात की उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या गच्चीवर) झोपलो तर शेजारच्या धाब्यावरून हाक येते. घोरतातपण खूप, आणि रोज थोडी घेतात. त्यांचं म्हणणं टेन्शनमुळे होतं. – यावल तालुका

ताई, टेन्शन असेल, नाही कशाला म्हणू, केळीचे भाव आणि रात्री 2 वाजताची शेतातली लाईट ज्याच्या नशिबी आहे त्याला टेन्शन नसेल तर कुणाला असणार. पण सगळं टेन्शनवर ढकलून मोकळं होऊ नका. झोपेत दात खाणं हे मेंदूकडून येतं, दातांकडून नाही. झोप क्षणभर उथळ होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि मागोमाग जबड्याचे स्नायू चालू होतात. म्हणजे झोप मोडणारी प्रत्येक गोष्ट याला खतपाणी घालते. झोपायच्या आधीची दारू, तंबाखू, रात्रीचा चहा, मोडतोड झालेली झोप, सगळं. दारूने झोप लागते हे खरं पण ती झोप टिकत नाही, त्यामुळे "थोडी घेतली की बरं झोपतो" हा हिशेब चुकीचा आहे.

मला जास्त काळजी घोरण्याची वाटते. घोरता घोरता मध्येच आवाज एकदम बंद होतो का, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन परत सुरू होतो का? दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का, सकाळी डोकं दुखतं का? असं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो आणि तो दातांपेक्षा मोठा आहे, बीपी आणि हृदयापर्यंत जातो. मोबाईलवर 5 मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ते झोपेची तपासणी सांगतील. त्याच्या आधी कुणाकडूनही गार्ड बनवून घेऊ नका, कारण वरच्या दातांचा साधा गार्ड काही लोकांमध्ये श्वास अडकणं वाढवू शकतो. आणि दातांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा घोरण्याचं आपणहून सांगा, सगळेच विचारतात असं नाही.

मी डिप्रेशनसाठी दोन महिन्यांपासून गोळ्या घेते. मन बरं वाटतं, पण सकाळी जबडा धरलेला असतो आणि दात आवळल्यासारखे वाटतात. गोळी बंद करू का? – शहादा

नको. स्वतःच्या मनाने बिलकुल नको. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना दात आवळणं सुरू होतं, हा माहितीतला साईड इफेक्ट आहे, बऱ्याचदा गोळी चालू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांनाच सांगा. ते डोस कमी करतील, गोळी बदलतील किंवा जोडीला दुसरी देतील, बरेच मार्ग आहेत. डॉक्टरला जबड्याचं काय सांगायचं म्हणून लोक गप्प बसतात आणि एक दिवस गोळीच सोडून देतात, मग आधीचं दुखणं परत येतं. मन बरं वाटतंय ना, ते महाग पडून मिळालंय, सांभाळा.

दाढा झिजल्यात. एका डॉक्टरांनी 8 दाढांना कॅप सांगितल्या, दुसरे म्हणाले दात थोडे घासून चावा लेव्हल करू म्हणजे दात खाणं थांबेल. मी ऑनलाईन 400 रुपयांचा गार्ड मागवलाय, गरम पाण्यात टाकून चावायचा तो. बरोबर केलं का? – भुसावळ

तिन्ही गोष्टींवर माझं मत सांगतो आणि इथं मी जरा परखड आहे.

चावा लेव्हल करून दात खाणं थांबतं, ही जुनी समजूत. पूर्वी आमच्याच पुस्तकात होती, वाकड्या चाव्यामुळे माणूस दात खातो म्हणून. आता तसं मानत नाहीत. दातावरचं कवच दाढेच्या टोकाशी फार तर अडीच मिलिमीटर जाड असतं, आणि ते एकदा गेलं की परत येत नाही. जे रात्री फुकटात झिजतंय ते दिवसा पैसे देऊन झिजवून घ्यायचं? या कामासाठी कुणाला दात घासू देऊ नका.

कॅपचं म्हणाल तर कधी कधी लागतात. आतला पिवळा भाग उघडा पडला, थंड-गरम झणझणतं, तडा गेला, रूट कॅनाल केलेली दाढ आहे, तर लागणार. पण दुखत नसलेल्या 8 दाढांना एका दमात कॅप घालायची घाई कशाला? ज्या जोराने दात झिजले त्याच जोराने कॅपपण फुटते. आधी गार्ड, काही महिने थांबायचं, मग ज्या दाढेला खरंच गरज आहे तिलाच. आणि छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं असेल तर तेही सांगा, ॲसिडने मऊ झालेला दात दुप्पट वेगाने झिजल्यासारखा दिसतो आणि दोष एकट्या दात खाण्याला लागतो.

आता गार्ड. तुमचा 400 चा गार्ड मऊ रबरासारखा असणार. तात्पुरता ठीक, पण मऊ वस्तू तोंडात आली की काही लोक च्युइंगमसारखी जास्तच चावतात. कायमचा गार्ड कडक ॲक्रिलिकचा, दातांचं माप घेऊन बनवलेला, सगळे दात झाकणारा हवा. नुसते पुढचेच दात झाकणारा महिनोन्‌महिने घातला तर चावाच बदलू शकतो. डॉक्टरांनी तो बसवताना रंगीत कागद चावायला लावून खुणा बघायला पाहिजेत, दोन्ही बाजूंना सारख्या उमटल्या पाहिजेत. नुसता हातात देऊन "घाला" म्हटलं तर काम अर्धंच झालं.

आणि गार्डने दात खाणं थांबत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडण नको. तो पायतळीच्या चपलेसारखा आहे, चालणं तेवढंच, झीज चपलेची. माझ्याकडे एक रेल्वेतले काका दीड वर्षाने गार्ड दाखवायला आले, "बघा, वाया गेला" म्हणत. खिडकीच्या उजेडात धरला तर दाढांच्या जागी दोन खळगे, बोटाचं टोक बसेल एवढे, एका ठिकाणी तर आरपार भोक. त्यांना म्हटलं काका, हे भोक तुमच्या दाढेत पडलं असतं. मग नवीन बनवायला तयार झाले.

धुवायचा साध्या गार पाण्याने आणि मऊ ब्रशने, पेस्ट लावायची नाही, त्याने ओरखडे पडतात. गरम पाणी नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वाकडा होतो आणि मग म्हणता डॉक्टरने चुकीचा बनवला.

जबड्यात बोटॉक्स घेतलं की बरं होतं असं रील्समध्ये बघितलं. घेऊ का? मॅग्नेशियमच्या गोळ्या चालतील? – अमळनेर

बोटॉक्सने स्नायूचा जोर कमी होतो, दात आवळायची सवय जात नाही. परिणाम 3-4 महिने, मग परत सुई. ज्यांना बाकी सगळं करूनही दुखतं अशा मोजक्यांसाठी ठीक, पहिला उपाय म्हणून नाही. मॅग्नेशियमने दात खाणं थांबतं याला भक्कम पुरावा नाही.

वय 27. वर्षभरापासून जबडा आखडलाय, तोंड पूर्ण उघडत नाही, पाणीपुरी जात नाही. झोपेत दात आवळत असेन म्हणून होत असेल का? तिखट लागलं की तोंडात आग होते. सुपारी आणि गुटख्याच्या पुडीची सवय आहे. – चोपडा

दादा, तुझा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. हे दात आवळणं वाटत नाही मला. दात आवळून आखडलेला जबडा सकाळी जास्त धरतो, शेक घेतला की सुटतो, आणि त्यात तिखटाने आग होत नाही. तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू कमी उघडतंय, वर सुपारी, हे तिन्ही एकत्र म्हणजे गालाच्या आतली कातडी कडक होत चालल्याची शंका येते. सुपारीने होणारा आजार आहे तो, गालात दोरीसारखे पट्टे तयार होतात, आणि त्यातून काहींना पुढे कॅन्सर होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि तरी पुडी कुठल्या टपरीवर मिळते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आत्ता, हे वाचतोयस तिथंच, स्वतःच्या हाताची तीन बोटं, अंगठ्याशेजारची, मधलं आणि त्यापुढचं, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघ. साधारण माणसाची जातात. दोनच गेली तर याच आठवड्यात सरकारी हॉस्पिटलच्या दंतविभागात किंवा तोंडाच्या सर्जनकडे जा. गार्ड, मसाज यात महिने घालवू नकोस. पुडी आजच बंद. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट नंबर आहे, तिथं फोन कर. आणि किती बोटं गेली ते मला कळव.