नेटवर्कचं काम आपल्या भागात मिळेल का?

मोठ्या शहरात गेल्याशिवाय या लाइनमध्ये काही नाही, हे अर्धंच खरं आहे. राउटर-स्विचचं कॉन्फिगरेशन आता कुठूनही करता येतं, त्यामुळे ती कामं मोजक्या ठिकाणी गोळा होतात आणि तिथे स्पर्धाही जबर असते. पण तुटलेली फायबर जोडायला, रॅकमधला जळालेला स्विच बदलायला माणूस जागेवरच लागतो. म्हणून आधी तुझ्या भागात कारखाने, रुग्णालयं, कॉलेजं, गोदामं किती आहेत ते बघ. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा 100 मीटर. त्यामुळे पसरलेल्या आवारात फायबर आलीच. स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची टोकं जोडणं, आणि ओटीडीआरचा (फायबरमधला दोष कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्राचा) आलेख वाचणं शिकलास, तर लहान गावातले कंत्राटदारही तुला शोधत येतील.

सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा) जरूर कर, पण डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून नको. मुलाखतीत लगेच उघडं पडतं. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांचे लहान गट पाडण्याचं गणित, कागदावर जमलंच पाहिजे.

आणि जाहिरातीत ‘नेटवर्क टेक्निशियन’ लिहून प्रिंटर दुरुस्तीला जुंपणारे खूप असतात. (पहिली नोकरी असेल तर तेही चालेल म्हणा, ओळखी होतात.) रात्रपाळीचे आणि ऑन-कॉलचे पैसे वेगळे मिळतात का, हे मात्र रुजू होण्याआधीच विचारून घे.